बत्तीस संघ, तीन रात्री आणि एक वजनकाटा

प्रश्न थोडक्यात असा आहे: गावच्या मंडळाला पहिल्यांदाच ६५ किलो वजनी गटाची कबड्डी स्पर्धा घ्यायची आहे. ३२ संघ, जानेवारीतल्या तीन रात्री, शाळेचं मैदान, हाताशी साधारण दीड लाख रुपये. कामाला पोरं भरपूर आहेत. मग अशा स्पर्धा नेमक्या कुठे अडतात?

मी पेण-अलिबाग पट्ट्यातला. आधी खेळलो, गुडघा गेल्यावर पंच झालो आणि आता बरीच वर्षं आयोजकांच्या टेबलावर बसतो. आमच्याकडे भाताची झोडणी उरकली की खाचरातली धसकटं काढून मैदानं तयार होतात आणि होळीपर्यंत दर शनिवार-रविवारी कुठे ना कुठे दिवे लागलेले असतात. एवढ्या स्पर्धा पाहिल्या, पण पैशावाचून बंद पडलेली एकही आठवत नाही. बंद पडल्या त्या भांडणानं. आणि भांडण जवळजवळ प्रत्येक वेळी अशाच गोष्टीवरून झालं, जी आधी कुणी ठरवली नव्हती. तुम्ही दुपारी चार वाजता चहा पीत जे ठरवत नाही, ते रात्री साडेदहाला गर्दी ठरवते. म्हणून पैशाचं सोडा, आधी वही घ्या.

पहिलं पान वेळेचं. बाद पद्धतीनं ३२ संघांचे ३१ सामने होतात, तिसऱ्या क्रमांकाचा धरला तर ३२. पुरुषांचा पूर्ण सामना २०-५-२० मिनिटांचा (वीस-वीसचे दोन डाव, मध्ये पाच मिनिटं मध्यंतर), म्हणजे पाऊण तास. प्रत्येक संघाला प्रत्येक डावात ३० सेकंदांचे दोन टाइमआउट. त्यात एखादी दुखापत, आणि माइकवरून तीनदा पुकारूनही चहाच्या टपरीवरून न हलणारा संघ. सामन्याला तास जातो. ३२ सामने, ३२ तास. तुमच्याकडे सहा ते दहा धरून तीन रात्रींचे मिळून १२ तास आहेत. दर वर्षी कुणीतरी मला सांगतं, ‘होईल हो काका, उशिरापर्यंत खेळवू.’ नाही होत. पहाटे तीन वाजता उपांत्य फेरी खेळवलेली स्पर्धा मी पाहिलीय. समोर पंधरा माणसं, त्यातली आठ मांडववाल्याची, आणि पाय ओढत खेळणारी दमलेली पोरं. लिगामेंट अशाच वेळी तुटतात.

दहाची मर्यादा मनानं घातलेली नाही. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम रात्री १० ते सकाळी ६ सार्वजनिक जागी लाउडस्पीकर लावू देत नाहीत. सणासुदीला काही ठराविक दिवस बारापर्यंत सूट मिळते, ती धार्मिक-सांस्कृतिक सणांसाठी. तुमच्या स्पर्धेला मिळेल असं गृहीत धरू नका. माइक बंद झाला की पुकारा बंद, गुण सांगणं बंद. मग लोक दोरीच्या आत सरकतात, कारण त्यांना काय चाललंय ते कळत नाही.

मी असतो तर दोन मैदानं आखली असती. पहिल्या फेरीचे १६ सामने १५-५-१५ चे खेळवा, मधला वेळ धरून ४५ मिनिटं. दोन मैदानांवर मिळून सहा तास, म्हणजे दुपारी चार ते रात्री दहा. दुसऱ्या दिवशी ८ सामने तीन तासांत, मग उपांत्यपूर्व फेरीचे चार पूर्ण वेळेचे, आणखी दोन तास. नऊला मोकळे. तिसऱ्या दिवशी एकाच मैदानावर दोन उपांत्य, तिसऱ्या क्रमांकाचा आणि अंतिम. सहाला सुरू, दहाला संपलं. कागदावर बसतं. पण पहिल्या दिवशी श्वास घ्यायला दहा मिनिटं उरत नाहीत आणि उद्‌घाटनाला पाहुणे वेळेवर येणार नाहीत हे मी तुम्हाला आत्ताच सांगतो. तेव्हा ३२ चा हट्ट सोडा, २४ करा. आठ संघांना पुढे चाल द्या, म्हणजे न खेळताच थेट दुसऱ्या फेरीत घ्या, पहिल्या फेरीचे सामने आठच उरतात. आठ प्रवेश फी कमी मिळतील, त्या डिझेलमध्ये वाचतील.

पुढे चाल कुणाला, हा मात्र सुरुंग आहे. भाग्यपत्रिका काढताना प्रत्येक संघाचा एक माणूस समोर हवा, चिठ्ठ्या गावातल्या लहान पोरीला उचलायला लावा आणि तिथेच मोठ्या कागदावर लिहून त्याचा फोटो सगळ्या संघांच्या ग्रुपवर टाका. आयोजक मंडळाच्या स्वतःच्या संघाला पुढे चाल लागली, तर ती नाकारा. चिठ्ठी खरी निघाली असली तरी. लोकांना ते पटणार नाही, आणि त्यांच्या जागी आपण असतो तर आपल्यालाही पटलं नसतं.

दुसरं पान वजनाचं. वजनी गट म्हटलं की अर्धी स्पर्धा काट्यावर होते. एका वर्षी आम्ही किराणा दुकानातला धान्याचा इलेक्ट्रॉनिक काटा आणून थेट मातीवर ठेवला. जमीन जराशी उतरती. एक पोरगा ६५ किलो ३०० ग्रॅम भरला. उतरला, दोन पावलं सरकून पुन्हा चढला, तर ६४ किलो ९००. त्याच्या मागे चौदा जण उभे होते, त्या चौदाही जणांनी पाहिलं. पुढचा दीड तास कुणाचंच वजन झालं नाही. तेव्हापासून काट्याखाली जाड प्लाय, त्याखाली फरशी, बाजूला लेव्हलची बाटली, आणि शेजारी २० किलोचं प्रमाणित वजन ठेवतो. कुणी बोललं की त्याच्यासमोर ते वजन ठेवून दाखवायचं.

त्यातही हातचलाखी आहेच. पोरगा टॉवेल गुंडाळून उभा राहतो, मागे त्याचा दोस्त गर्दीत चिकटून, आणि एक बोट चड्डीच्या इलॅस्टिकमध्ये अडकवून हळूच वर ओढतो. चारशे-पाचशे ग्रॅम सहज उडतात. मला हे पंच असताना कळलं नाही, एका जुन्या खेळाडूनं सांगितलं, आणि सांगताना तो इतका हसत होता की त्यानं हे किती वेळा केलं असेल हे विचारायची गरज पडली नाही. म्हणून काट्याभोवती चारी बाजूंनी तीन फुटांवर दोरी. आत फक्त खेळाडू.

वहीत हे सगळं लिहा: कपडे कोणते, किती ग्रॅमची सूट (मी शून्य म्हणतो, सूट दिली की भांडण सुटीच्या आकड्यावरून सुरू होतं), किती वेळा संधी, वजन एकदाच की रोज. आणि वजन सकाळी घ्या, नऊ ते अकरा. याचं कारण भांडण नाही. पोरं वजन उतरवण्यासाठी आदल्या दिवसापासून पाणीसुद्धा पीत नाहीत, प्लास्टिकची पिशवी अंगाला गुंडाळून धावतात. संध्याकाळी वजन घेतलं तर ती तशीच कोरडी, उपाशी मैदानात उतरतात आणि दुसऱ्या डावात पोटऱ्या वळून पडतात. सकाळी घेतलं की निदान दुपारी भात पोटात जातो, पाणी जातं. काट्यावर एखादा पोरगा डोळे खोल गेलेला, ओठ फुटलेला दिसला, तर वजन बरोबर असलं तरी त्याच्या प्रशिक्षकाला बाजूला घ्या. नको म्हणायचा अधिकार वहीत लिहून घ्या.

ओळख पटवणं हे याच टेबलावर उरका. मूळ आधार कार्ड, झेरॉक्स नाही, आणि मोबाइलवरचा फोटो तर नाहीच. प्रत्येक खेळाडूचा काट्यावर उभा असतानाच फोटो काढायचा आणि संघाच्या यादीला जोडायचा. एकच पोरगा पहिल्या दिवशी एका गावाकडून हरतो आणि दुसऱ्या दिवशी केस कापून दुसऱ्या गावाकडून उभा राहतो. गंमत नाही, झालेलं आहे. ‘बाहेरचे किती खेळाडू चालतील’ हाही आकडा आधी छापा. मामाच्या गावचा बाहेरचा धरायचा की आतला, याचंसुद्धा उत्तर लागतं. रहिवासाचा पुरावा म्हणजे आधारवरचा पत्ता, एवढं एक वाक्य पुरे. त्यावर अन्याय होईल एखाद्यावर. होऊ दे. नियम सगळ्यांना सारखा असला की त्या अन्यायाचं भांडण होत नाही.

आता मैदान. माती की मॅट, असा प्रश्न तुमच्या मंडळात निघाला असेलच. २०१४ पासून टीव्हीवर मॅटची कबड्डी दिसायला लागली आणि गावोगाव पोरांना मॅट हवी झाली. हिशेब करा: पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर, म्हणजे एक मीटरचे १३० तुकडे, भोवती निदान एकेक मीटर सोडलं तर १८०. दोन मैदानांना ३६०. भाडं, टेम्पो, आणि खालची जमीन सपाट नसेल तर सांध्यात बोट अडकतं ते वेगळं. त्यात जानेवारी. रात्री आठनंतर आपल्याकडे दव पडायला लागतं, मॅटवर त्याचा पातळ थर बसतो, डोळ्यांना दिसत नाही. चढाईपटू बोनस गुणासाठी रेषेपलीकडे पाय टाकतो आणि पाय तसाच पुढे जातो. मांडीच्या आत चमक भरते, ती महिनाभर जात नाही. दर चढाईनंतर पुसणारी चार पोरं लागतात, सुक्या फडक्यांचा ढीग लागतो. शिवाय गावातल्या निम्म्या पोरांकडे मॅटचे बूट नसतात. अनवाणी खेळली की तळव्याची कातडी सोलते.

माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी माती. पण मातीला पंधरा दिवस द्या. वरचे खडे वेचून लाल माती चाळून टाकायची, पाणी मारायचं, अर्धवट सुकली की रोलर, पुन्हा पाणी, पुन्हा रोलर. आदल्या रात्री पाणी मारून सकाळी सामने ठेवले की वर घट्ट, खाली चिखल. पहिल्याच पकडीत मैदान उकलतं. अवकाळीसाठी ताडपत्री आणि लाकडाच्या भुशाची चार पोती बाजूला असू द्यात.

रेषांना चुन्याची फक्की वापरू नका. एकतर ती घामाबरोबर डोळ्यांत जाते. दुसरं, तीन चढायांत बोनस रेषा पुसली जाते आणि मग ‘पाय रेषेपलीकडे होता’ हे सांगणार कोण? निम्मे वाद रेषेचे असतात, आणि रेषाच नसेल तर पंच काय करणार. नायलॉनची पांढरी पट्टी घ्या, ताणून यू-खिळ्यांनी ठोका, खिळ्याची पाठ मातीत पूर्ण बुडवा. मुलींचा सामना ठेवणार असाल, तर त्यांचं मैदान १२ बाय ८ चं, त्याला वेगळ्या रंगाची पट्टी. किती खिळे ठोकले तो आकडा वहीत लिहा. हसू नका, शेवटी सांगतो.

मुलींचा सामना जरूर ठेवा, पण तो ‘प्रदर्शनीय’ म्हणून अंतिम सामन्याआधी अडकवू नका. साडेनवाला सामना संपला तर त्यांची शेवटची एसटी गेलेली असते आणि तुमच्या मंडळातला एकही माणूस त्यांना सोडायला रिकामा नसतो. दिवसाचा पहिला सामना त्यांचा. कपडे बदलायला कडी लागणारी खोली, चालू नळ असलेलं स्वच्छतागृह, तिथे एक दिवा आणि बाहेर गावातल्या दोन बायका. एवढं नसेल, तर बोलावू नका. एका ठिकाणी मुलींना ट्रकच्या आड कपडे बदलताना पाहिलंय आणि माइकवर तेव्हा महिला सक्षमीकरणावर भाषण चालू होतं.

भाषणावरून आठवलं. सत्कार. गावच्या स्पर्धेचा सगळ्यात महागडा खर्च हा, कारण तो वेळेत मोजावा लागतो. उद्‌घाटक साडेपाचचे साडेसातला येतात. मग नारळ, मग शाल-श्रीफळ, मग व्यासपीठावरच्या प्रत्येकाचं नाव, त्यात एक नाव राहिलं की रुसवा, मग ते नाव घेऊन पुन्हा नमस्कार. तोवर सराव करून अंग तापवलेली चौदा पोरं गार पडतात. माझा उपाय असा: सामने वेळेवर सुरू करायचे, कुणाचीही वाट न बघता. पाहुणे आले की मध्यंतराच्या पाच मिनिटांत त्यांना मैदानात न्यायचं, दोन्ही संघांशी हस्तांदोलन, फोटो, झालं. पुढाऱ्यांना खरं तर हेच आवडतं. भाषणाला कुणी ऐकत नाही, फोटोत मात्र खेळाडू येतात. पत्रिकेवर नावं छापायच्या आधी निवडणूक जवळ आहे का पाहा. आचारसंहिता लागली तर ते फ्लेक्स रातोरात उतरवावे लागतात.

आणि बक्षीस. माइकवर जाहीर होणारं बक्षीस खरं धरू नका. आमच्याकडे एका वर्षी एका मान्यवरानं उपांत्य सामन्याची चुरस पाहून उत्साहात ‘विजेत्या संघाला माझ्यातर्फे अकरा हजार’ म्हणून टाकलं. टाळ्या पडल्या. विजेता संघ मला लग्नकार्यात भेटला की त्या अकरा हजारांचं विचारायचा, त्यांचं काय चुकलं? त्यांच्या लेखी ते आम्हीच द्यायचे होते. शेवटी मंडळाच्या दहीहंडीच्या शिलकीतून दिले, दोन हप्त्यांत. आता आमचा नियम असा की पहिल्या शिट्टीआधी बक्षिसाची सगळी रोख पाकिटात घालून खजिनदाराच्या कपाटात. जी रक्कम पाकिटात नाही, ती समालोचकानं उच्चारायची नाही. दीड लाखांतले चाळीस टक्के बक्षिसात घालू नका, मोह होतो. पहिलं बक्षीस थोडं लहान ठेवा आणि हरून जाणाऱ्या प्रत्येक संघाला जेवण आणि टेम्पोच्या डिझेलपुरते पैसे द्या. पुढच्या वर्षी तेच संघ परत येतात. विजेता तर कुठेही जातो.

समालोचकाचं नाव निघालंच आहे, तर या माणसाची निवड अध्यक्षाच्या निवडीपेक्षा जपून करा. चांगला समालोचक चढाईगणिक गुण सांगतो, खेळाडूची ओळख करून देतो, मध्येच गावरान कोपरखळी मारतो. वाईट समालोचक ‘अरेरे, पंचांनी काय पाहिलं कुणास ठाऊक’ म्हणतो. या एका वाक्यानं मी दोनशे माणसं मैदानात घुसताना पाहिलीत. त्याला लेखी द्या: पंचांच्या निर्णयावर एक शब्द नाही.

पंच मात्र गावातले घेऊ नका. जिल्हा संघटनेकडे वेळेवर पत्र द्या, स्पर्धेला मान्यता घ्या, तिथूनच पंच मागवा. मान्यता नसलेल्या स्पर्धेत खेळलं म्हणून नोंदणीकृत खेळाडूंवर कारवाई होऊ शकते, म्हणून चांगले संघ आधी हाच प्रश्न विचारतात. एका सामन्याला एक सरपंच (गावचा नव्हे, मैदानावरचा मुख्य पंच), दोन पंच, एक गुणलेखक आणि दोन सहायक गुणलेखक लागतात. दोन मैदानं म्हणजे बारा माणसं, आणि चार वाजल्यापासून दहापर्यंत तीच बारा उभी राहिली तर आठनंतर त्यांनाही दिसेनासं होतं. सोळा तरी बोलवा. त्यांचं मानधन रोजच्या रोज, जेवण वेळेवर, आणि चहा मागावा लागू नये. पंच असताना मला एका गावात रात्री एक वाजता गार वडापाव हातात ठेवला होता. त्या गावचं नाव मी विसरलेलो नाही.

सध्याचा नवा ताप मोबाइलचा. प्रत्येक हातात कॅमेरा, वर कुणीतरी यूट्यूबवर थेट दाखवत असतं. निर्णय लागला की दहा सेकंदांत एक पोरगा फोन नाचवत पंचांसमोर येतो: ‘बघा, बोट लागलंय!’ एकदा मीही वाकून पाहिलं, आणि ती माझी सगळ्यात मोठी चूक. कोन असा होता की बोट लागलंही होतं आणि नव्हतंही. पाहिलंत म्हणजे तुमच्या मनात शंका आहे, असा त्याचा अर्थ निघाला. पुढचा प्रत्येक निर्णय फोनवर पाहायची मागणी झाली. तेव्हा नियमावलीत सरळ लिहा की कुठलंही चित्रीकरण निर्णयासाठी धरलं जाणार नाही. हरकत असेल तर संघनायकानं सामना संपल्यावर पंधरा मिनिटांत लेखी द्यायची, सोबत हजार रुपये अनामत, तीही फक्त खेळाडूच्या पात्रतेबद्दल किंवा गुणलेखनाबद्दल. स्पर्श झाला की नाही, यावर हरकत नाही. हजार रुपये काढायला लागले की दहातल्या आठ हरकती खिशातच राहतात. बरोबरी झाली तर काय, हेही छापा: ५-५ चढाया, त्यातही सुटली नाही तर सुवर्ण चढाई, म्हणजे निकाल लावणारी जादा चढाई. जुन्या संघांना जादा डावाची सवय असते, त्यांना ऐनवेळी कळलं तर ते मैदान सोडत नाहीत.

दुखापतींबद्दल मी कडक आहे. स्प्रे मारला, पाय ओढला, ‘उठ रे, काही नाही झालं’ म्हणून पाठीवर थाप मारली, ही आपली पद्धत. बंद करा. खांदा निखळला तर तो बसवणारा एक ‘जाणकार’ प्रत्येक गावात असतो, त्याला दोरीबाहेर ठेवा. डोकं किंवा मान आदळून पडलेल्याला कुणीही उचलायचं नाही, उठवून बसवायचं नाही, शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही. थोड्या वेळानं तो ‘मी बरा आहे’ म्हणाला, तरी त्या रात्री पुन्हा खेळवायचा नाही. १०८ ला फोन कोण करणार, त्या एका माणसाचं नाव वहीत हवं, नाहीतर सगळे समजतात की दुसऱ्यानं केला. पण १०८ वर अवलंबूनही राहू नका, ती त्याच वेळी दुसऱ्या अपघातावर गेलेली असू शकते. एक गाडी चावीसकट, मैदानाच्या बाहेर तोंड करून, प्रेक्षकांच्या मोटारसायकली आड येणार नाहीत अशी उभी. जवळच्या रुग्णालयात आधी जाऊन रात्री हाडांचे डॉक्टर असतात का ते विचारून या. बर्फ मासळी बाजारातून सकाळीच लादी आणून भुशात ठेवला की रात्री दहापर्यंत टिकतो. कापडात गुंडाळून लावायचा, थेट नाही.

गॅलरी उभारायची, असं तुमच्यातला कुणीतरी म्हणणार. मार्च २०२१ मध्ये तेलंगणातल्या सूर्यापेटला राष्ट्रीय कुमार गटाच्या कबड्डी स्पर्धेच्या उद्‌घाटनाच्या वेळी तात्पुरती गॅलरी कोसळली, शंभराच्या आसपास माणसं जखमी झाली. ती राष्ट्रीय स्पर्धा होती. तुमचा मांडववाला लग्नाचे बांबू आणून तीच गोष्ट उभी करणार आहे. बसलेली माणसं एक वजन, अंतिम सामन्याच्या शेवटच्या मिनिटाला एकदम उभी राहून नाचणारी माणसं वेगळं वजन. मी गॅलरी करत नाही. पुढे सतरंजीवर पोरं, मागे खुर्च्या, त्यामागे उभे राहणारे. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी ट्रॅक्टरची ट्रॉली, चाकांना दगड लावून. दोरीपासून मैदान चार मीटर तरी लांब ठेवा, कारण पकड सुटली की चढाईपटू थेट खुर्च्यांत जातो.

वीज महावितरणकडून तात्पुरती जोडणी घेऊनच. आकडा टाकू नका, ओल्या मातीवर अनवाणी पोरं खेळणार आहेत. दिव्यांचे खांब मैदानाच्या लांब बाजूंना लावा. चढाई करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर झोत आला तर त्याला बचावपटूच्या जागी काळी सावली दिसते. जनरेटर भाड्यानं आणला तरी दुपारी एकदा भार टाकून चालवून बघा. पोलीस ठाणं, ग्रामपंचायत, शाळा या तिघांची परवानगी लेखी आणि एकाच फाइलमध्ये. ती फाइल अध्यक्षाच्या घरी नको, टेबलावर हवी.

आता खिळे. तुमची अंतिम रात्र रविवारची असणार. दहाला चषक दिला, साडेदहाला फटाके, अकराला पोरं नाचायला लागली. आमच्या एका शाळेतल्या स्पर्धेत मी तेव्हा वही उघडली: यू-खिळे १४४. दोन पोरांना पकडी दिल्या, पट्ट्या उपटायला लावल्या आणि डालड्याच्या डब्यात खिळे मोजायला बसलो. १४१ भरले. पुन्हा मोजले, १४१. सोमवारी सकाळी याच मातीवर पहिलीची पोरं अनवाणी कवायत करणार होती. नाचणाऱ्यांना थांबवलं, मोबाइलचे टॉर्च लावून आठ जण रेषेरेषेनं बसले, एकानं जुन्या स्पीकरचं लोहचुंबक दोरीला बांधून ओढलं. बारा वाजता एक सापडला. पाऊण वाजता दुसरा, बोनस रेषेच्या कोपऱ्यात. तिसऱ्यासाठी आम्ही उजाडेपर्यंत तिथेच होतो आणि तो सापडला माझ्याच चपलेच्या टाचेत.